गेटमनचे बारा तास आणि पीएनएमचं टेबल

रेल्वेच्या सोलापूर विभागात डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) साहेबांच्या अध्यक्षतेखाली दर काही महिन्यांनी एक बैठक होते. टेबलाच्या एका बाजूला डीआरएम आणि प्रत्येक खात्याचे वरिष्ठ अधिकारी बसतात, समोर मान्यताप्राप्त युनियनचे पदाधिकारी. या बैठकीला पीएनएम म्हणतात, म्हणजे वाटाघाटींची कायमस्वरूपी यंत्रणा. सोलापूरच्या रेल्वे लाईन्स वस्तीत, कुर्डुवाडीच्या रेल्वे कॉलनीत हा शब्द लहान पोरांच्याही कानावरून गेलेला असतो. ‘पीएनएमला आयटम टाकलाय’, ‘मिनिट्स यायचेत अजून’, ‘साहेबांनी हो म्हटलंय, कागद नाही आला’. पण आयटम म्हणजे काय, तो कोण टाकतं, साहेबांनी हो म्हटल्यावरही काम का होत नाही, हे विचारलं तर निम्मी नोकरी झालेल्या माणसालाही नीट सांगता येत नाही.

ते सांगता यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. (आयटम म्हणजे बैठकीत मांडायचा लेखी विषय, मिनिट्स म्हणजे बैठकीचं इतिवृत्त.) कारण कितीतरी खरे, रास्त प्रश्न चर्चेत हरण्याआधीच अडकतात. ज्या अधिकाऱ्याच्या हातात निर्णयच नाही त्याच्यापुढे ते मांडले जातात, नाहीतर अशा शब्दांत लिहिले जातात की त्यावर हो किंवा नाही असं उत्तरच देता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. माढा ते मोहोळ या पट्ट्यात एक रेल्वे फाटक आहे असं समजा. तिथे गेटमन बारा-बारा तासांची ड्युटी करतात. सकाळी आठला एक जण येतो, रात्री आठला दुसरा. त्यांचं म्हणणं साधं आहे: गाड्या वाढल्या, रस्त्यावरची वाहनं वाढली, आम्हाला आठ तासांची ड्युटी द्या. ही मागणी टेबलावर कशी जाते आणि तिचं काय होतं, ते पाहिलं की सगळी यंत्रणा समजते.

बारा तास आले कुठून?

गेटमनला बारा तास कुणा एका साहेबाने लावलेले नसतात, ते कायद्यातून येतात. रेल्वे कायदा १९८९ आणि त्याखालचे कामाच्या तासांचे २००५ चे नियम रेल्वे कामगारांच्या कामाचे चार वर्ग करतात. पहिला ‘इंटेन्सिव्ह’, म्हणजे सतत एकाग्रतेचं किंवा फार कष्टाचं काम, ज्यात उसंत जवळजवळ नाही. दुसरा ‘कंटिन्युअस’, म्हणजे नेहमीचं सलग काम. तिसरा ‘इसेन्शियली इंटरमिटंट’, ज्याला सगळे नुसतं ‘ईआय’ म्हणतात. काम अधूनमधून येतं, मध्ये बराच वेळ रिकामा जातो. चौथा ‘एक्सक्लूडेड’, ज्याला तासांची ही मर्यादाच लागू नाही.

कायद्याने घातलेली कमाल मर्यादा अशी: इंटेन्सिव्ह कामाला आठवड्याला ४५ तास आणि कंटिन्युअसला ५४ तास, दोन्ही दोन आठवड्यांच्या सरासरीने, ईआयला कुठल्याही आठवड्यात ७५ तास. प्रत्यक्ष रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, या मर्यादेच्या आत बसवतात. कंटिन्युअसवाल्याचे मूळ तास ४८, म्हणजे आठ तासांचे सहा दिवस. ईआयमध्ये मूळ ४८ तासांवर आणखी तास चढतात, काहींचे ६० होतात, काहींचे ७२. कामाच्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत रेल्वेने क्वार्टर दिलेलं आहे का, हाही त्यातला एक निकष असतो. क्वार्टर जवळ असल्याची किंमत अशी मोजावी लागते, हे बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही.

आठ तासांच्या गेटमनचे आठवड्याला ४८ तास, बारा तासांच्या गेटमनचे ७२. फरक २४ तासांचा. तेच फाटक, तेच झेंडे, तीच जबाबदारी, आणि आठवड्याला एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र जास्त.

तेव्हा ‘आम्हाला आठ तास द्या’ या मागणीचा खरा अर्थ ‘आमचं काम ईआयमधून काढून कंटिन्युअसमध्ये टाका’ असा होतो. डीआरएमना दया आली म्हणून हा वर्ग बदलता येत नाही. त्याला मोजमाप लागतं. त्याचं नाव जॉब अ‍ॅनालिसिस.

बहात्तर तासांची मोजणी

ईआय ठरवण्याची कायद्यातली व्याख्या प्रत्येक गेटमनने एकदा तरी वाचावी अशी आहे. बारा तासांच्या ड्युटीत निम्मा किंवा त्याहून जास्त वेळ निष्क्रिय जात असला पाहिजे. त्यात सलग एक तासाचा निदान एक तुकडा, किंवा सलग अर्ध्या तासाचे दोन तुकडे असले पाहिजेत. हे सगळं सलग ७२ तासांच्या सरासरीने पाहायचं. आणि निष्क्रिय वेळ म्हणजे असा वेळ, ज्यात माणसाला अंगमेहनतही करावी लागत नाही आणि सतत लक्षही ठेवावं लागत नाही.

शेवटचे शब्द फार महत्त्वाचे आहेत. गेटमन काय करतो ते पाहा. स्टेशन मास्तरचा फोन येतो, खासगी नंबरची (निरोपाची खात्री पटवणाऱ्या गुप्त अंकाची) देवघेव होते, रजिस्टरला नोंद होते. फाटक बंद करायचं, कुलूप लावायचं. मग गाडी येईपर्यंत थांबायचं. त्या वेळात दुचाकीवाले बूमखालून, म्हणजे फाटकाच्या आडव्या दांड्याखालून, वाकून जायला बघतात, त्यांना अडवायचं. गाडी आली की उभं राहून ती पूर्ण बघायची: कुठून धूर येतोय का, काही लोंबकळतंय का, काही घासतंय का. गाडी गेली की फाटक उघडायचं. बाहेरून पाहणाऱ्याला फाटक बंद असतानाची ती मिनिटं रिकामी दिसतात, कारण गेटमन नुसता उभा असतो. पण त्याचं लक्ष सतत लागलेलं असतं. मोजणीच्या कागदावर ती मिनिटं ‘काम’ या रकान्यात जातात की ‘निष्क्रिय’ या रकान्यात, यावर निकाल फिरू शकतो. म्हणून मोजणीच्या वेळी युनियनचा माणूस हजर असावा, असा आग्रह मी धरीन. कार्मिक शाखेचा (कर्मचाऱ्यांचे विषय पाहणाऱ्या खात्याचा) निरीक्षक प्रामाणिक असला तरी फाटकावरचा अनुभव त्याच्याकडे असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट मोजणीच्या तारखेची, आणि इथे आपल्या जिल्ह्याचा विषय येतो. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या राज्यात सगळ्यात जास्त आहे. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झालं की माढा-मोहोळकडच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून रात्रंदिवस धावतात. त्या महिन्यांत फाटक बंद झालं की दोन्ही बाजूंना रांगा लागतात. उसाची ट्रॉली रुळांवर अडकली तर गेटमनची काय तारांबळ उडते, ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. आता मोजणी जूनमध्ये झाली, तर त्याच फाटकावर ७२ तासांत शुकशुकाट सापडेल. कागद खोटा नसेल, पण तो वर्षातल्या एका तुकड्याचा असेल. कुर्डुवाडी-पंढरपूर मार्गावरच्या फाटकांना हाच मुद्दा आषाढी-कार्तिकीला लागू होतो.

शिवाय मोजणी जुनी असेल तर ती नव्याने मागायला चांगलं कारण आहे. आपल्या पट्ट्यात मधल्या वर्षांत दुहेरीकरण झालं, विद्युतीकरण झालं, गाड्या वाढल्या. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारतही धावते. एकेरी मार्ग असताना केलेल्या मोजणीवर आजचं रोस्टर चालत असेल, तर ते बदलायला लावणं हा युनियनचा सरळ हक्क आहे.

मोजणीनंतरचं वर्गीकरण पटलं नाही, तर प्रादेशिक श्रम आयुक्तांकडे अपील करता येतं. हे केंद्र सरकारच्या श्रम खात्याचे अधिकारी असतात, रेल्वेच्या हाताखालचे नसतात. हा रस्ता आहे हे पुष्कळांना माहीतच नसतं.

टेबल तीन, आणि प्रत्येकाची ताकद वेगळी

समजा मोजणी झाली आणि काम कंटिन्युअस ठरलं. तरी दुसऱ्या दिवसापासून आठ तासांची ड्युटी लागत नाही. बारा तासांच्या फाटकावर दोन माणसं आणि त्यांच्या सुट्टीसाठी बदली माणूस लागतो. आठ तास केले की तीन माणसं आणि बदली. म्हणजे एक जादा पद. नवं पद निर्माण करताना रेल्वेत साधारणपणे तेवढ्याच किमतीचं दुसरं पद कुठेतरी रद्द करावं लागतं आणि लेखा विभागाची संमती घ्यावी लागते. टेबलापलीकडचे साहेब गप्प बसतात तेव्हा बऱ्याचदा मनात हाच हिशेब असतो. तो समजून घेतला तर भांडण नेमकं कशावर करायचं ते कळतं.

पीएनएमची रचना १९५१ च्या अखेरीस रेल्वे बोर्ड आणि ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशन यांच्यात ठरली आणि १९५२ च्या सुरुवातीपासून चालू झाली. ती तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी डिव्हिजनची, आपल्याकडे सोलापूर. दुसरी झोनची, मुंबईत मध्य रेल्वेचे महाव्यवस्थापक आणि युनियन यांच्यातली. तिसरी दिल्लीची, रेल्वे बोर्ड आणि फेडरेशन यांच्यातली. खाली सुटलं नाही ते वर जातं. बोर्डाशीही एकमत झालं नाही, तर न्यायाधिकरणाकडे जाण्याची तरतूद मूळ रचनेतच ठेवलेली आहे.

डिव्हिजनच्या हातात काय असतं? वाटतं त्यापेक्षा बरंच. उन्हाळ्यात रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमनची कामाची वेळ पहाटेकडे सरकवणं, हा निर्णय इथेच होऊ शकतो. सोलापूरचा एप्रिल-मे ज्याने अंगावर घेतलाय त्याला त्याचं मोल कळेल. सावलीत ४२-४३ अंश असताना रूळ आणि खडी त्याहून कितीतरी जास्त तापलेली असते आणि दुपारी बाराला त्यावर उभं राहून पहार मारायची असते. गेट लॉजमध्ये (फाटकाजवळच्या खोलीत) पाण्याची टाकी, रनिंग रूममधलं (चालक-गार्डच्या विश्रांतीगृहातलं) जेवण आणि कूलर, क्वार्टरची गळती, रूळ तपासत चालणाऱ्या कीमनचे बूट, जॅकेट आणि गाडी येत असल्याचा इशारा देणारं यंत्र, ओव्हरटाइमची थकबाकी, विनंती बदल्यांच्या यादीचा क्रम, मंजूर असून रिकाम्या राहिलेल्या जागा: हे सगळं पहिल्या टेबलावरचं.

पदं वाढवणं, एका विभागातली पदं दुसऱ्याकडे वळवणं, अनेक विभागांना लागू होईल असा निर्णय, हे मुंबईकडे जातं. पगार, भत्ते, बोनस आणि धोरण थेट दिल्लीला. दसऱ्याआधी जाहीर होणारा ७८ दिवसांचा बोनस घ्या. तो महिना ७,००० रुपयांच्या कमाल मर्यादेवर मोजला जातो, म्हणून जास्तीत जास्त १७,९५१ रुपये हातात येतात. ही मर्यादा वाढवा, असा आयटम सोलापूरच्या पीएनएमला टाकून काही उपयोग नाही. त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाचीच मंजुरी लागते. रात्रपाळी भत्त्याचंही तसंच. ज्यांचा मूळ पगार ४३,६०० रुपयांच्या वर आहे त्यांना हा भत्ता मिळणार नाही, अशी मर्यादा दिल्लीतून आली. रात्री दहा ते सकाळी सहा जागणारा माणूस तोच, जागरण तेच, फक्त नोकरी जुनी म्हणून पगार जास्त. ही मर्यादा मला पटत नाही. पण त्यावरून डीआरएमशी तासभर वाद घातला, तर त्या तासात पाण्याची टाकी मंजूर झाली असती, एवढंच होतं.

इंजिनातल्या शौचालयाचा प्रश्न याच जातीचा आहे. लोको पायलट, आणि आता त्यात महिलाही, तासन्तास इंजिनात असतात. इंजिनाची रचना बदलणं हा बोर्डाचा विषय. पण क्रू जिथे बदलतो त्या स्टेशनवर स्वच्छ, कुलूप न लावलेलं, पाणी असलेलं शौचालय ठेवणं हा डिव्हिजनचा विषय. एकाच दुखण्याचे दोन तुकडे करून दोन टेबलांवर ठेवावे लागतात. जाणता युनियनवाला हे बरोबर ओळखतो.

एक बंधनही लक्षात ठेवायचं. एखाद्या माणसाची शिक्षा, त्याची एकट्याची बढती किंवा बदली, असे वैयक्तिक विषय पीएनएममध्ये साधारणपणे घेतले जात नाहीत. जे सगळ्यांना किंवा एका गटाला लागू होतं तेच तिथे चालतं. ज्याच्यावर चार्जशीट आहे त्याची वाट वेगळी. १९६८ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे चौकशी होते, आणि त्यात तो आपल्या बाजूने बोलायला सहकारी किंवा युनियनचा माणूस घेऊ शकतो.

हे टेबल फुकट मिळालेलं नाही

रेल्वे कामगारांच्या तासांवर कायद्याची मर्यादा पहिल्यांदा १९३० मध्ये आली. (त्याच वर्षी सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. त्यानंतर फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांमधले कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांत काम करणारे होते. संघटना आणि हक्क या गोष्टी या गावाला कुणी बाहेरून येऊन शिकवलेल्या नाहीत.) पण १९३० चा कायदा तोकडा होता. रेल्वे कामगारांच्या फेडरेशनने वाद लावून धरला, सरकारने १९४६ मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांना निवाड्यासाठी नेमलं आणि १९४७ मध्ये त्यांचा निवाडा आला. आज आपण ज्या वर्गांबद्दल बोलतोय त्यांचा पाया त्या निवाड्यात आहे. पुढे न्यायमूर्ती मियाभॉय यांच्या न्यायाधिकरणाने १९७२ मध्ये तासांची फेररचना सुचवली.

मग १९७४. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली ८ मे रोजी देशभर रेल्वे संप सुरू झाला आणि २० दिवस चालला. आठ तासांचा दिवस आणि बोनस या त्यातल्या मोठ्या मागण्या होत्या. हजारोंना अटक झाली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, क्वार्टरमधून कुटुंबं बाहेर काढली गेली. संप मागे घ्यावा लागला. उत्पादकतेशी जोडलेला बोनस रेल्वेला पुढे १९७९-८० पासून मिळू लागला. रेल्वे वसाहतींमधल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना हा विषय निघाला की आवाज बदलतो, आणि मला वाटतं नव्या मुलांनी त्यांच्याशी या विषयावर बोलायला हवं, ती माणसं आहेत तोवर.

त्यात आता कायद्याची बाजूही बदललेली आहे. सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात म्हटलं. म्हणजे हातात राहतं ते मुख्यतः टेबल. ते नीट वापरता आलं नाही तर फारसं काही उरत नाही.

टेबलावर कोण बसणार हे गुप्त मतदानाने ठरतं. रेल्वेत असं मतदान २००७, २०१३ आणि डिसेंबर २०२४ मध्ये झालं. ज्या युनियनला ठरलेल्या प्रमाणात मतं पडतात तिलाच मान्यता मिळते. मध्य रेल्वेवर नॅशनल रेल्वे मजदूर युनियन आणि सेंट्रल रेल्वे मजदूर संघ ही दोन जुनी नावं सगळ्यांना माहीत आहेत. एक ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनशी जोडलेली, दुसरी नॅशनल फेडरेशन ऑफ इंडियन रेल्वेमेनशी. मत कुणालाही द्या, पण दिल्यानंतर त्या युनियनने तुमच्या शाखेचे किती आयटम टाकले आणि किती सुटले, हे विचारायचा अधिकार तुमचा आहे. माझ्या मते तो विचारला जात नाही, आणि ही आपल्या बाजूची सगळ्यात मोठी कसर आहे.

पोस्ट, आयकर अशा केंद्राच्या इतर खात्यांत १९६६ पासून जेसीएम (संयुक्त सल्लागार यंत्रणा) नावाची अशीच यंत्रणा आहे. तिचं एक वैशिष्ट्य सांगतो: पगार-भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा या तीन विषयांवर एकमत झालं नाही, तर लवादाकडे जाता येतं. एसटी आणि महापालिका यांचे कायदे वेगळे, ते इथे घेत नाही.

आयटम लिहायचा कसा?

पुन्हा आपल्या फाटकाकडे. युनियनच्या शाखेकडून डिव्हिजनच्या पदाधिकाऱ्याकडे, तिथून कार्मिक शाखेकडे विषयांची यादी बैठकीच्या आधी जाते. त्यावर त्या-त्या खात्याकडून लेखी शेरा मागवला जातो. म्हणजे बैठक सुरू होण्याआधीच साहेबांच्या समोर उत्तर तयार असतं. ते उत्तर किती नेमकं असेल, हे प्रश्न किती नेमका होता यावर ठरतं.

‘गेटमनवर अन्याय होत आहे, प्रशासनाने सहानुभूतीने विचार करावा’ असं लिहिलं, तर उत्तर येतं, ‘गेटमनना नियमानुसार ड्युटी दिली जाते.’ विषय बंद. उत्तर खोटं नाही.

त्याऐवजी असं लिहा: अमुक क्रमांकाच्या फाटकाचं शेवटचं जॉब अ‍ॅनालिसिस कोणत्या तारखेला झालं? त्या वेळी रोज किती गाड्या होत्या, आज किती आहेत? दुहेरीकरणानंतर नवं अ‍ॅनालिसिस झालं आहे का? नसल्यास गाळप हंगामात, डिसेंबर किंवा जानेवारीत, युनियनच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत ते करावं. निकाल येईपर्यंत रोस्टरपेक्षा जास्त झालेल्या तासांचा ओव्हरटाइम द्यावा. याला टाळणारं उत्तर देणं अवघड आहे, कारण प्रत्येक वाक्याला तारीख, आकडा किंवा हो-नाही लागतं. ओव्हरटाइमचा दरही माहीत असू द्या: रोस्टरच्या तासांपासून कायद्याच्या मर्यादेपर्यंत दीडपट, मर्यादेच्या पलीकडे दुप्पट.

सोबत पुरावा जोडायचा. गेट रजिस्टरमध्ये फाटक बंद-उघड केल्याच्या वेळा असतातच. हंगामातल्या एका आठवड्याच्या त्या वेळांवरून एक तक्ता केला, फाटक किती वेळा आणि एकूण किती मिनिटं बंद होतं याचा, तर त्याच्यापुढे तासभराचं भाषण फिकं पडतं.

बैठकीत समोरून येणारी उत्तरं साधारण ठरलेली असतात. ‘इथे भुयारी मार्ग मंजूर आहे, फाटकच बंद होणार.’ खरं असू शकतं. रेल्वे फाटकं कमी करत आणलेली आहेत. मग विचारायचं: काम कधी सुरू होणार, आणि तोवरची ड्युटी किती तासांची? ‘प्रस्ताव मुख्यालयाला पाठवला आहे.’ मग पत्राचा क्रमांक आणि तारीख मिनिट्समध्ये घ्यायची, म्हणजे झोनच्या पीएनएमला तोच धागा उचलता येतो. ‘निधी उपलब्ध झाल्यावर.’ मग हे काम कोणत्या वर्षाच्या कार्यक्रमात धरलं आहे ते विचारायचं. ‘तपासून घेतो.’ कोण तपासणार आणि कधीपर्यंत, एवढं लिहून घ्यायचं. यात कुठेही आवाज चढवावा लागत नाही. मी पाहिलेले चांगले पदाधिकारी बैठकीत हळू आवाजात बोलतात आणि फाईल उघडी ठेवून बोलतात.

आणि मिनिट्स. बैठकीत तोंडी झालेला निर्णय इतिवृत्तात आला नाही, तर तो प्रशासनाच्या दृष्टीने झालेलाच नसतो. दोन वर्षांनी डीआरएम बदलतात, शाखा अधिकारी बदलतात; नव्या साहेबाला आधीच्याने काय कबूल केलं ते फक्त कागदावरून कळतं. मिनिट्स आले की आपला आयटम शोधा. ‘क्लोज्ड’ लिहिलंय की पुढे चालू ठेवलाय ते बघा. काम झालेलं नसताना ‘क्लोज्ड’ असेल, तर पुढच्या बैठकीआधी शाखेला लेखी कळवा. मिनिट्सची प्रत शाखेच्या नोटीस बोर्डावर लागत नसेल, तर ती मागा.

टेबलाबाहेर राहिलेले

काही जण या टेबलावर बसतच नाहीत. लोको पायलटांची स्वतंत्र संघटना गेली काही वर्षं ४६ तासांच्या साप्ताहिक विश्रांतीसाठी झगडते आहे. मुद्दा असा: प्रत्येक फेरीनंतर मुख्यालयी, म्हणजे चालकाच्या घरच्या स्टेशनवर, १६ तासांची विश्रांती मिळते, ती रोजची. आठवड्याची विश्रांती ३० तासांची. संघटना म्हणते, ३० तास हे १६ तासांच्या वर धरा, एकूण ४६. प्रशासन १६ तासांना ३० मध्येच मोजतं. रात्री दोनला उतरलेल्या माणसाच्या ‘साप्ताहिक सुट्टी’त त्याच रात्रीची झोप धरायची का, असा हा वाद आहे. मला संघटनेचं म्हणणं बरोबर वाटतं. थकलेल्या चालकामागे दीड-दोन हजार प्रवासी झोपलेले असतात. पण एका वर्गाच्या संघटनांना पीएनएमची मान्यता नसते, म्हणून हा प्रश्न मान्यताप्राप्त फेडरेशनमार्फतच दिल्लीच्या टेबलावर जाऊ शकतो.

त्याहून दूर आहेत ठेकेदाराकडचे कामगार. स्टेशन झाडणारे, डबे धुणारे, गाडीत चादरी वाटणारे. काम रेल्वेचं, गणवेशावर नाव ठेकेदाराचं. युनियनच्या मतदानात त्यांना मत नाही, पीएनएममध्ये त्यांचा प्रतिनिधी नाही. त्यात सोलापूरच्या आसपासच्या वस्त्यांमधल्या बायका पुष्कळ आहेत. पगार बँकेत जमा होतो, पण किमान वेतनाच्या हिशेबाने किती व्हायला हवा होता आणि पीएफ भरला का, हे त्यांना कुणी सांगत नाही.

कायदा त्यांना अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. ठेकेदाराने मजुरी बुडवली किंवा कमी दिली, तर ती देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, इथे रेल्वेवर, येते. मान्यताप्राप्त युनियनने मनावर घेतलं तर ‘अमुक ठेक्यातल्या कामगारांचे वेतन आणि पीएफचे कागद मुख्य नियोक्ता म्हणून तपासले आहेत का’, हा प्रश्न ती विचारू शकते. शिवाय रेल्वे केंद्राची असल्यामुळे या कामगारांच्या तक्रारीही केंद्रीय श्रम यंत्रणेकडे, म्हणजे केंद्राच्या सहायक श्रम आयुक्तांकडे जातात, राज्याच्या कामगार कार्यालयाकडे नाही. अर्जाबरोबर हजेरी कार्डाची प्रत, बँक पासबुकाची पानं, पीएफचा यूएएन क्रमांक आणि ठेकेदाराचं नाव लागतं. हजेरी कार्ड दिलेलंच नसेल, तर महिनाभराच्या पाळ्या वहीत तारीखवार लिहून त्यावर सोबत काम करणाऱ्या दोघींच्या सह्या घेऊन ठेवाव्यात.